एकशे पासष्टचं ॲव्हरेज

"बाई, एवढं बघता का जरा? मशीन चुकलं असेल तर मी हाताने दुरुस्त करून देतो," सिक्वेरा म्हणाला आणि त्याने प्रिंटचा कागद काउंटरवरून माझ्याकडे सरकवला.

मशीन चुकलं नव्हतं. बी. बोरस्ते, पहिला गेम एकशे एकतीस, दुसरा एकशे अठ्ठावीस. मी मागच्या बाकावर बसून दोन्ही गेम बघितले होते. दोनदा बॉल पिना सोडून लेनच्या कडेच्या गटारात गेला होता.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

"सरांचा एकशे अठ्ठावीस?"

"काल भरीत जरा जास्त झालं त्यांना. पोट बिघडलंय."

सिक्वेरा बिचारा 'ओह' म्हणाला. तो त्या बोलिंग हॉलचा मॅनेजर होता आणि बी. बोरस्ते हे माझे यजमान, भास्कर बोरस्ते. पस्तीस वर्षं त्यांनी सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काढली. केसाच्या जाडीचा फरक ते बोटाने ओळखायचे. मी लोकांसमोर त्यांना बोरस्तेच म्हणायचे, आणि ती सवय अजून गेलेली नाही. त्यांचं पोट अगदी ठणठणीत होतं. भरीत मी केलंच नव्हतं.

ही तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. नाशिकला आमच्या घराजवळ एक मॉल होता, त्याच्या तिसऱ्या मजल्यावर सहा लेनचा बोलिंग हॉल. निवृत्तीनंतर बोरस्त्यांना हा नाद लागला. लोक बागेत जाऊन हात वर करून हसायचे, हे चौदा पौंडाचा बॉल घेऊन दहा पिना पाडायचे. पुढे आणखी पंधरा जण गोळा केले आणि शनिवार सकाळची लीग सुरू झाली. नऊ ते अकरा, म्हणजे मॉलमध्ये गर्दी व्हायच्या आत आपलं आटपायचं. जुलैत सुरू, मार्चमध्ये फायनल.

मी खेळत नव्हते. मी एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, तेव्हा आकड्यांचं खातं आपोआप माझ्या गळ्यात पडलं. "मी खेळतो, तू मोज," असं बोरस्त्यांचं पहिल्या दिवसापासून ठरलेलं. समोर स्क्रीनवर बेरीज झळकत असली तरी ते मान वर करायचे नाहीत. आकडा बघितला की हात बिघडतो, हा त्यांचा ठाम समज. शेवटचा बॉल टाकला की सरळ हात धुवायला जायचे, आणि गाडीत बसल्यावर मला विचारायचे, "किती गं?"

आता त्या लीगमध्ये सोळा जण सोळा तऱ्हेचे. कोणी एकशे सत्तर मारणारा, कोणी शंभरात अडकलेला. त्यांची तुलना करायची कशी? त्यासाठी हँडिकॅप असतो. दोनशेतून तुमचं ॲव्हरेज वजा करा, जे उरेल त्याचे ऐंशी टक्के काढा, तेवढ्या पिना तुम्हाला प्रत्येक गेममागे फुकट. ॲव्हरेज एकशे तीस असेल तर सत्तरचे ऐंशी टक्के, छप्पन्न. एकशे पासष्ट असेल तर अठ्ठावीस. जो कच्चा त्याला जास्त. मी याला ग्रेस मार्क म्हणायचे आणि बोरस्ते भडकायचे.

"ग्रेस घेऊन पास झालेल्याला करंडक द्यायचा? हा काय खेळ झाला?"

कारण ग्रेसमुळेच त्यांना वैयक्तिक करंडक कधी मिळाला नव्हता. पाच वर्षांत एकदाही नाही. निव्वळ पिना मोजल्या तर हा माणूस सगळ्यांच्या वर. हँडिकॅप मिळवला की कोणीतरी पुढे निघून जायचं. दोनदा तर चांदवडकर. चांदवडकर म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचे मेडिकलवाले, बोरस्त्यांचे तीस वर्षांचे दोस्त आणि तेवढ्याच वर्षांचे वैरी. फिरता करंडक त्यांनी दुकानात खोकल्याच्या औषधांशेजारी मांडून ठेवला होता. बोरस्ते क्रोसिन आणायलासुद्धा पलीकडच्या दुकानात जायचे.

तर त्या शनिवारी मी तो कागद पर्समध्ये घातला आणि घरी येऊन जेवायच्या टेबलावर बसले. हंगामाचे पहिले आठ शनिवार मागच्या वर्षीचंच ॲव्हरेज धरायचं, नवव्यापासून ज्याचं त्याचं यंदाचं, असा आमचा नियम. हा नववा होता. मागच्या वर्षीचं त्यांचं ॲव्हरेज एकशे अडुसष्ट. मी यंदाचं काढलं. पुन्हा काढलं. एकशे एक्कावन्न.

एकदम सतरा पिना! पुढच्या शनिवारी ते नोटीसबोर्डावर लागणार होतं, नावासमोर ॲव्हरेज आणि हँडिकॅप. तो एक कागद मात्र ते चष्मा लावून वाचायचे.

आठ शनिवार मी काय आंधळी होते? नव्हते. चालताना त्यांचा उजवा हात पुढेमागे हलायचा थांबला होता, तो मला जुलैतच दिसला होता. लेनवर पूर्वी चार ढांगांत सुटणारा माणूस आता सहा-सात बारकी पावलं टाकत होता. किराणाच्या यादीतलं त्यांचं अक्षर मुंगीएवढं झालं होतं. शर्टाचं वरचं बटण लावायला मी मदतीला गेले तर खेकसले, "लहान आहे का मी?"

आणि मला हे सगळं ओळखीचं होतं. माझे थोरले दीर, आप्पा, कंपवाताने सात वर्षं अंथरुणात होते. शेवटची दोन वर्षं बोरस्ते रोज संध्याकाळी जाऊन त्यांना चमच्याने पेज भरवायचे. आप्पांचं दहावं झालं त्या दिवशी गोदावरीच्या घाटावर, ओल्या धोतराने ते मला म्हणाले होते, "कुमुद, उद्या मला हे झालं ना, तर मला सांगायचं नाही. मला कळू द्यायचं नाही. वचन दे."

मी वचन दिलं नव्हतं. नुसती मान हलवली होती. पण नवरा-बायकोत मान हलवली तरी पुरते.

मी एकशे एक्कावन्नच्या जागी एकशे पासष्ट लिहिलं.

"किती आलं यंदाचं?" त्यांनी विचारलं. आंब्याचं लोणचं वाढत मी म्हटलं, "पासष्ट."

"तीनच उतरलं? मला वाटलं फार घसरलोय मी. आजचा दिवस भिकार गेला, पण बाकीचे बरे गेले म्हणायचे." आणि एक पोळी जास्त खाल्ली. खरं सांगते, त्या पोळीने मला केवढं बरं वाटलं!

एका शनिवारपुरतं करायचं असं मी ठरवलं होतं. पण खोट्या आकड्याला एकदा जागा दिली की तो उठत नाही. पुढच्या आठवड्यात खरं ॲव्हरेज एकशे पन्नास, मी लिहिलं चौसष्ट. त्याच्या पुढे एकशे अठ्ठेचाळीस, मी लिहिलं सहासष्ट. थोडं खाली-वर ठेवायचं, म्हणजे खरं वाटतं. गाडीत त्यांनी 'किती गं?' विचारलं की उत्तरही त्याच मापाने वाढवून द्यायचे. एकतीस वर्षं मुलींच्या कॉप्या पकडल्या, मला चोर कसा पकडायचा ते माहीत होतं, म्हणून चोरीही बेमालूम जमली. सिक्वेराचे खरे प्रिंट मी पिठाच्या डब्यामागे एका फाईलमध्ये ठेवायचे.

कोणी ओरडलं कसं नाही? अहो, लीगमधला माणूस दुसऱ्याचा हँडिकॅप जास्त तर नाही ना, एवढंच बघतो. कोणी मुद्दाम वाईट खेळून ॲव्हरेज पाडतोय का, यावर सगळ्यांची नजर. एखाद्याला हक्कापेक्षा कमी मिळतंय, याची तक्रार कोण कशाला करील?

फक्त चांदवडकरांनी एकदा विषय काढला. डिसेंबरात मी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणायला गेले होते.

"वहिनी, भास्करचा अंगठा बॉलमध्ये अडकतो हल्ली."

"थंडीने बोटं सुजतात."

"थंडीने बोटं आकसतात, वहिनी," ते गोळ्या पाकिटात भरत म्हणाले. "आणि त्याचं पासष्ट कुठून येतं? मागचे तीन शनिवार मी त्याच्या शेजारच्या लेनवर होतो. मीच त्याला हरवला. मी! माझं ॲव्हरेज एकशे तीस."

"तुमचा खेळ सुधारला असेल."

मला त्यांचा भयंकर राग आला. स्वतःच्या औषधांच्या दुकानात उभा राहून माणूस किती सहज बोलतो!

"एकदा दाखवून तरी घ्या कोणाला," ते म्हणाले. "माझ्या ओळखीच्या एक डॉक्टर आहेत."

"बघू," मी म्हटलं आणि गोळ्या तिथेच विसरून आले.

त्या रविवारी मी प्रयत्न केला. नाही असं नाही. चहा पिताना म्हटलं, "अहो, तुमचा खांदा दुखतो, एकदा दाखवून येऊ या का?" बोरस्ते म्हणाले, "मला काय धाड भरलीय? माझं ॲव्हरेज बघ!" माझाच आकडा त्यांनी माझ्या तोंडावर मारला होता.

जानेवारीत सिक्वेराने सगळ्यांना बोलावून सांगितलं की मॉलवाल्यांनी हॉल काढायचं ठरवलंय. एप्रिलपासून तिथे मुलांच्या उड्या मारायच्या जाळ्या येणार. म्हणजे मार्चची फायनल शेवटची. नाशिकमध्ये दुसरी धड जागा नव्हती. घरी येताना बोरस्ते सिग्नलला म्हणाले, "कुमुद, यंदा मला तो करंडक पाहिजे. चांदवडकरच्या फळीवरून उचलून आणायचाय. पुन्हा कधी आणणार?"

त्या दिवसापासून ते बुधवारीही हॉलवर जाऊ लागले. एकटे. अंगठा सोलून यायचा. मी हळद लावायचे आणि ते हात मागे घेऊन म्हणायचे, "बास, बास." बुधवारी सरावाला जाणाऱ्या माणसाचे शनिवारी एकशे सव्वीस व्हायचे.

फायनलच्या आदल्या दिवशी मी दोन कागद तयार केले. लीगचं अंतिम पत्रक असतं, फायनलला कोणाला किती पिना द्यायच्या ते त्यावरून ठरतं. तीन गेम, प्रत्येक गेमला हँडिकॅप, ज्याची बेरीज मोठी त्याचा करंडक. एका कागदावर बी. बोरस्ते, एकशे पासष्ट, हँडिकॅप अठ्ठावीस. दुसऱ्यावर बी. बोरस्ते, एकशे चाळीस, हँडिकॅप अठ्ठेचाळीस. खऱ्या कागदात प्रत्येक गेमला वीस पिना जास्त होत्या. तीन गेमच्या साठ. साठ पिनांवर कोणीही जिंकलं असतं.

रात्रभर मी स्वतःशीच भांडत होते. खरा कागद लावला तर करंडक जवळजवळ घरात. पण तो कागद ते चष्मा लावून वाचणार, एकशे चाळीस बघणार आणि त्यांना आप्पा आठवणार. खोटा लावला तर करंडक जातो, बाकी सगळं शाबूत. सकाळी दोन्ही कागद पर्समध्ये घेतले. हॉलवर गेल्यावर ठरवू, असं मनाशी म्हटलं. एवढी शहाणी मी!

हॉलवर नऊला सगळे जमले होते. सिक्वेराने फुगे लावले होते. मी नोटीसबोर्डापाशी गेले आणि पर्समधून खरा कागद काढला. देवाशपथ सांगते, खराच काढला होता. टाचणी टोचणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"किती ठेवलंस गं मला शेवटी?"

मी कागद छातीशी धरला. बोरस्ते नवा टी-शर्ट घालून उभे होते, चष्मा कपाळावर. तोंडावर असं हसू की लग्नात बघितलं होतं त्यानंतर क्वचितच बघितलं असेल.

"पासष्ट," माझ्या तोंडून निघून गेलं.

"बघ! एकसष्टाव्या वर्षी सुरू केलं, सदुसष्टाव्या वर्षी पासष्ट! तरण्या पोरांना जमत नाही," ते म्हणाले आणि बूट बांधायला गेले. नाड्या सिक्वेराने बांधून दिल्या.

मी खरा कागद आत टाकला आणि खोटा लावला.

आणि मग ते काय खेळले! कुठून आणलं बळ कोण जाणे. पहिला गेम एकशे एक्कावन्न. दुसरा एकशे शेहेचाळीस. सबंध फेब्रुवारीत एकशे तीसच्या वर न गेलेला माणूस. पावलं बारकीच होती, पण बॉल मधोमध जात होता. तिसऱ्या गेमला शेजारच्या लेनवरचे खेळाडूही थांबून बघायला लागले. शेवटच्या फेरीत दोन स्ट्राइक लागोपाठ, दहाच्या दहा पिना दोनदा आडव्या. हॉल नुसता दणाणला. एकशे अठ्ठावन्न. ते वळले आणि स्क्रीनकडे न बघता हात धुवायला गेले.

मी बेरीज करायला घेतली. चारशे पंचावन्न. अधिक अठ्ठावीस त्रिक चौऱ्याऐंशी. पाचशे एकोणचाळीस. चांदवडकर, तीनशे सत्त्याण्णव. अधिक छप्पन्न त्रिक एकशे अडुसष्ट. पाचशे पासष्ट.

करंडक सव्वीसने गेला होता. खऱ्या कागदावर बोरस्ते चौतीसने जिंकले होते.

सिक्वेराने माईकवर चांदवडकरांचं नाव घेतलं. टाळ्या झाल्या, पण जरा बेतानेच. बोरस्ते ओल्या हातांनी तिथेच थांबले.

"कुमुद, पुन्हा एकदा कर गं बेरीज."

"अहो…"

"नाही, मला शंका नाही. पण आज माझा बॉल लागत होता. एकदा मोठ्याने कर."

सगळ्यांसमोर मी केली. एकेक आकडा मोठ्याने वाचला. वर्गात फळ्यावर करायचे तशी. अठ्ठावीस त्रिक चौऱ्याऐंशीही म्हटलं. तेव्हा बोलता आलं असतं. पर्स खांद्याला होती, चेन उघडून कागद काढायचा, एवढंच काम. 'माझी चूक झाली, हँडिकॅप चुकला,' एवढं म्हणायचं. सगळ्यांनी मान्य केलं असतं, चांदवडकरांनी सगळ्यात आधी. पण पुढचा प्रश्न कोणीतरी विचारलाच असता, "मग ॲव्हरेज किती?" आणि उत्तर त्या पंधरा जणांसमोर मला द्यावं लागलं असतं. मी मूग गिळून उभी राहिले.

"सव्वीस," बोरस्ते म्हणाले. "ठीक आहे. आकडा तो आकडा." पुढे होऊन त्यांनी चांदवडकरांचा हात हातात घेतला. "घे लेका. ठेव तुझ्या खोकल्याच्या बाटल्यांपाशी."

चांदवडकरांनी करंडक घेतला. फोटो काढताना तो त्यांनी उगाच खाली धरला होता. नंतर मी कागद गोळा करत असताना ते जवळ आले.

"वहिनी, हा माझा नाही. तुम्हाला माहितीय आणि मलाही."

"पत्रक बरोबर आहे," मी म्हटलं.

"आता तरी त्याला दाखवा हो. मी गुरुवारची वेळ घेतो. खांदा म्हणून घेऊन या."

मी नुसतं रडत होते. त्यांनी वेळ घेतली.

गाडीत बोरस्ते खुशीत होते. हो, खुशीत! "हरलो," ते म्हणाले, "फायनलच्या दडपणाने ॲव्हरेजच्या जरा खाली राहिलो, पण निव्वळ पिनांत त्याला धुतला. अठ्ठावन्न पिनांनी. तो ग्रेसवर जिंकला. मी ग्रेसवाला नाही, कुमुद. मी पासष्टवाला." आणि मांडीवर ताल धरला. तो ताल नव्हता, पण मी ताल म्हणून ऐकून घेतला.

गुरुवारी आम्ही डॉक्टर तांबटांकडे गेलो. तरुण बाई होत्या, माझ्या विद्यार्थिनी शोभल्या असत्या. त्यांनी बोरस्त्यांना चालायला लावलं, वळायला लावलं, अंगठा आणि बोट एकमेकांवर भराभर आपटायला लावलं. डावा हात पटपट चालला, उजवा अडखळत अडखळत थांबला. मग एक ओळ लिहायला सांगितली. ओळ सुरू झाली मोठी आणि शेवटाला वाचता येईना. खांद्याचं दुखणं आहे असं सांगून आणलेला माणूस हे सगळं करताना हळूहळू गप्प होत गेला. आप्पांनाही हेच करायला लावलं होतं, तेव्हा हेच सोबत होते.

"हे कधीपासून जाणवतंय, काका?" डॉक्टरांनी विचारलं. "वर्षभर? जास्त?"

"काहीच जाणवत नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "तुम्ही म्हणताय ते मला नाहीये. मी पुरावा आणलाय."

आणि शर्टाच्या खिशातून घडी काढली. माझं पत्रक. बोर्डावरून काढून त्यांनी ते कधी खिशात घातलं मला कळलंच नव्हतं. उलगडायला त्यांना वेळ लागला, मी हात पुढे केला तर त्यांनी झटकला.

"हे बघा. बोरस्ते, तो मी. चौदा पौंडाचा बॉल असतो, डॉक्टर. तो साठ फुटांवर सरळ टाकायचा. मागच्या वर्षी अडुसष्ट होतं, यंदा पासष्ट. अख्ख्या वर्षात तीन पिना. ज्याला तो आजार आहे त्याचं असं राहील का? तुम्हीच सांगा."

डॉक्टरांनी कागद नीट वाचला. मग परत त्यांच्या हाताकडे बघितलं.

"काका, हा कागद खरा असेल तर मला दुसऱ्या तपासण्या कराव्या लागतील. कारण इतकं सगळं दोन-तीन महिन्यांत होत नाही. मग मी दुसरं काहीतरी शोधायला लागेन, मेंदूत, मानेत. मला जे समोर दिसतंय आणि हा कागद, हे जुळत नाहीये." त्या माझ्याकडे वळल्या. "काकू, हे आकडे कोणी काढले?"

"हिने!" बोरस्ते म्हणाले. "गणिताच्या बाई आहेत. एकतीस वर्षं."

ते माझ्याकडे बघत होते. मी आतापर्यंत त्यांना कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं, आप्पांच्या वेळीही नाही. सांग ना, असं ते डोळ्यांनी म्हणत होते. एक वाक्य माझ्याकडून पाहिजे होतं त्यांना. 'हो, बरोबर आहे,' एवढंच. सहा महिने दर शनिवारी मी ते म्हटलं होतं.

"जुलैत एकशे छप्पन्न," मी म्हटलं. "ऑगस्टमध्ये बावन्न. सप्टेंबर शेहेचाळीस. ऑक्टोबर एक्केचाळीस. नोव्हेंबर अडतीस. डिसेंबर पस्तीस. जानेवारीत तीस. फेब्रुवारीत सव्वीस." कागद बघायची गरज नव्हती, मला सगळं पाठ होतं. "सगळ्या हंगामाचं खरं ॲव्हरेज एकशे चाळीस. तो कागद मी खोटा केला."

मी मान खाली घालून बसले. आता ओरडतील, उठून जातील, मला काय वाटेल ते बोलतील, सगळं मी कबूल केलं असतं.

त्यांचे ओठ हलत होते. थोड्या वेळाने मला शब्द ऐकू आले.

"दोनशेतून चाळीस गेले… साठ. साठचे ऐंशी टक्के… अठ्ठेचाळीस. त्रिक एकशे चव्वेचाळीस." ते थांबले. "माझे किती झाले होते गं परवा?"

"चारशे पंचावन्न."

"म्हणजे?"

"पाचशे नव्व्याण्णव."

"आणि त्याचे?"

"पाचशे पासष्ट."

"म्हणजे मी जिंकलो होतो," ते म्हणाले.

"चौतीसने," मी म्हटलं.

त्यांनी उजवा हात डाव्या हाताने उचलला आणि मांडीवर ठेवला. तो तिथेही हलत राहिला. या वेळी त्यांनी तो लपवला नाही.

डॉक्टरांनी पेन उचललं. अगदी हळू आवाजात विचारलं, "काका, मग सुरुवात मागच्या जुलैची धरू? का त्याच्याही आधीची?"



"जुलै लिहा," बोरस्ते म्हणाले. "हिचे आकडे चुकत नाहीत."